आचाऱ्याचा आचार्य होतो तेव्हा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निवृत्त झाल्यावर आपल्या आठवणी लिहून काढल्या होत्या. १९९९ साली तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून आम्ही त्या टाइप करून घेतल्या. पाऊणशे पानं भरली. वीसएक प्रती काढून नातेवाइकांत वाटल्या. फाइल फ्लॉपीवर मिळाली होती. फ्लॉपीवरून ती सीडीवर गेली, सीडीवरून पुढच्या संगणकावर आली. मधल्या काळात नाना गेले. दोन वर्षांपूर्वी मनात आलं, घरातली मुलं आता फोनवरच वाचतात, तर त्यांना या आठवणी फोनवर वाचता याव्यात. म्हणून ती फाइल उघडली. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, मध्येच एखादं डोक्यावर टिंबं असलेलं युरोपीय अक्षर, असा सगळा चिवडा.

ज्यांनी पूर्वी मराठीत टाइप करून घेतलेलं काही जपून ठेवलं आहे, त्यांतल्या अनेकांना हा अनुभव आला असेल. आपण म्हणतो, फाइल खराब झाली. पण माझी फाइल खराब झालेली नव्हती. तिच्यात १९९९ साली जे होतं ते जसंच्या तसं होतं. फक्त ते मराठी नव्हतं, आणि तेव्हाही नव्हतं. कसं ते सांगतो.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे माणसांनी आपसात ठरवायचं. अमेरिकेत १९६३ साली असं एक मानक ठरलं, त्याला अस्की म्हणतात. त्यात एकूण १२८ जागा. इंग्रजीतला मोठा ‘ए’ म्हणजे ६५, लहान ‘ए’ म्हणजे ९७. पुढे संगणकात एका अक्षरासाठी जी जागा रूढ झाली, म्हणजे एक बाइट, तिच्यात ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. मग उरलेल्या जागांवर कुणी युरोपीय अक्षरं बसवली, कुणी रेघा बसवल्या. आपल्याकडच्या फाँट तयार करणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी इंग्रजीच्या जागांवरच मराठी आकार बसवले. आकडा इंग्रजी ‘ए’चाच, पण त्या फाँटमध्ये त्या आकड्याचं चित्र मात्र मराठी. फाँट संगणकावर असेपर्यंत मराठी दिसतं. फाँट गेला की मुखवटा उतरतो आणि खालचं इंग्रजी दिसू लागतं.

मग मराठीला स्वतःचे आकडे मिळालेच नाहीत का? मिळाले की. भारतीय मानक ब्युरोचं इस्की हे मानक १९९१ साली आलं. त्यात ‘क’चा आकडा १७९. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात ‘क’चा आकडा २३२५. आज तुमच्या फोनवर मराठी दिसतं ते याच आकड्यांमुळे. नानांच्या आठवणी मात्र अडकल्या होत्या जुन्या फाँटच्या आकड्यांत. म्हणजे काम एवढंच होतं, की एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीत न्यायचे. मी बरीच वर्षं मुलांना सी भाषा शिकवली. म्हटलं, यात काय अवघड आहे? एक तक्ता केला की झालं.

ही सी भाषा म्हणजे संगणकाला कामं सांगण्याची भाषा. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती १९७२च्या सुमारास घडवली. या भाषेत मजकूर म्हणजे आकड्यांची एक रांग असते. रांग कुठे संपली हे कळावं म्हणून शेवटी शून्य ठेवलेलं असतं. एसटीच्या रांगेत शेवटच्या माणसामागे कुणी नाही हे आपल्याला दिसतं, संगणकाला दिसत नाही. त्याला शून्य भेटलं की तो समजतो, मजकूर संपला. हे शून्य लक्षात ठेवा, पुढे ते मला नडणार आहे.

आता अक्षरं बदलायची कशी? नवा विद्यार्थी काय करतो? तो लिहितो: अक्षर हे असेल तर ते कर, नसेल तर पुढचं तपास, तेही नसेल तर त्यापुढचं. अशा शंभर-दोनशे ओळी होतात आणि एखादी हमखास चुकते. कुणी त्याहून सोपा वाटणारा रस्ता धरतो: आधी सगळ्या मजकुरातलं एक अक्षर बदल, मग दुसरं बदल. ज्युलियस सीझरच्या गुप्त लिपीचं उदाहरण घ्या. त्यात प्रत्येक अक्षराऐवजी तीन घरं पुढचं अक्षर लिहायचं. ‘ए’चा ‘डी’ होतो, ‘डी’चा ‘जी’. आता तुम्ही आधी सगळे ‘ए’ बदलून ‘डी’ केले आणि नंतर ‘डी’ बदलायला घेतले, तर मूळचे ‘डी’ आणि नव्यानं झालेले ‘डी’ दोन्ही ‘जी’ होऊन बसतात. सगळा घोळ.

यावरचा चांगला उपाय म्हणजे तक्ता. २५६ कप्प्यांचं एक कपाट डोळ्यांसमोर आणा. कप्प्यांना ० ते २५५ असे क्रमांक. प्रत्येक कप्प्यात एक उत्तर ठेवलेलं. मजकुरातलं अक्षर उचलायचं. त्याचा आकडा ९७ असेल तर थेट ९७ नंबरचा कप्पा उघडायचा, आत जे असेल ते लिहायचं, पुढच्या अक्षराकडे जायचं. शोधाशोध नाही, तुलना नाही, कारण अक्षर स्वतःच आपल्या कप्प्याचा क्रमांक आहे. सीमध्ये हे सगळं काम दोन-तीन ओळींत होतं. लहान इंग्रजी अक्षरांची मोठी करायची असतील तर ९७च्या कप्प्यात ६५ ठेवा, ९८च्या कप्प्यात ६६. सीझरची लिपी हवी असेल तर ओळी त्याच राहतात, फक्त कप्प्यांतला माल बदलतो.

जाणकार श्रोता म्हणेल, लहान अक्षराचं मोठं करायला कपाट कशाला? ९७ वजा ६५ म्हणजे ३२, प्रत्येक आकड्यातून ३२ वजा करा की. अस्कीत ते चालतंही. पण आयबीएम कंपनीनं १९६४ साली आपली सिस्टीम ३६० ही संगणकमालिका आणली, तिच्याबरोबर एबसिडिक नावाची वेगळीच आकडेपद्धत आली. तिच्यात मोठा ‘आय’ २०१वर आणि त्याच्या लगेच पुढचा ‘जे’ मात्र २०९वर. ‘आर’ २१७वर, ‘एस’ २२६वर. मध्ये खिंडारं. ‘पुढचं अक्षर म्हणजे एक मिळवा’ हा हिशेब तिथे फसतो. तक्ता फसत नाही, कारण त्याला आकड्यांत नियम असण्याची गरजच नसते. आणि गंमत म्हणजे कपाट पाहून अक्षरं बदलण्यासाठी त्या यंत्रात स्वतंत्र आज्ञाच दिलेली होती.

तसं पाहिलं तर तक्त्याची कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्याकडे ज्योतिषगणितात कटपयादी नावाची पद्धत होती. आकडे अक्षरांत लिहायची. क, ट, प, य या चौघांची किंमत एक. ख, ठ, फ, र यांची दोन. असं करत पुढे. ‘जय’ या शब्दात ज म्हणजे आठ, य म्हणजे एक. अशा शब्दांतले आकडे उजवीकडून वाचायचे, की झाले अठरा. पण उलट जा. मी तुम्हाला नुसता ‘एक’ दिला आणि विचारलं, मूळ अक्षर कोणतं होतं? क की ट, प की य? सांगता येणार नाही. चार अक्षरं एका कप्प्यात गेली की परतीची वाट बंद. हेही लक्षात असू द्या.

तर मी नानांच्या फाइलसाठी तक्ता करायला बसलो. त्या फाँटमधला कोणता आकडा कोणतं मराठी अक्षर, याची एक छापील यादी कुणाकडून तरी मिळवली होती. आकडे भरले, प्रोग्रॅम चालवला. प्रत्येक परिच्छेद मध्येच तुटलेला. कुठे दोन शब्द आलेले, कुठे अर्धं वाक्य, बाकी गायब. कारण काय, तर ज्या चिन्हांचे कप्पे भरायचे मी विसरलो होतो, त्यांत शून्य होतं. सीमध्ये असा कायमचा तक्ता केला आणि काही घरं भरली नाहीत, की तिथे आपोआप शून्य येतं. शून्य म्हणजे मजकूर संपला! अवतरणचिन्ह आलं, कप्पा रिकामा, वाक्य खलास. हीच चूक मी वर्गात किती मुलांच्या वहीत लाल शाईनं दाखवली असेल. उपाय साधा आहे. आधी प्रत्येक कप्प्यात त्याचाच क्रमांक भरायचा, म्हणजे ज्याचं उत्तर माहीत नाही ते अक्षर आहे तसं राहील. मग माहीत असलेली उत्तरं एकेक करून बदलायची.

दुसरी चूक त्याहून छुपी. सीमध्ये अक्षराचा आकडा काही यंत्रांवर ० ते २५५ असा धरतात, तर काहींवर उणे १२८ ते अधिक १२७ असा. इंग्रजी मजकुरात कुणाला पत्ताही लागत नाही, कारण अस्कीचे सगळे आकडे १२८च्या आतले. पण नानांच्या फाँटमधले निम्मे आकार १२८च्या पुढचे. २२८चा आकडा तिथे उणे २८ होतो, आणि प्रोग्रॅम उणे २८ नंबरचा कप्पा उघडायला जातो. असा कप्पाच नाही. पण सी हटकत नाही. कपाटाच्या बाहेर, शेजारी जे काही पडलं असेल ते उचलून देते. ‘हा आकडा ऋण नाही’ एवढं एका शब्दात सांगितलं की झालं. पण ते सांगायला हवं.

तिसरी अडचण जागेची. संगणकात युनिकोड साठवण्याची सर्वांत रूढ पद्धत आहे यूटीएफ-८. बेल प्रयोगशाळेतल्याच केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ साली आखली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणजे एका आकड्याच्या जागी एक आकडा हा व्यवहार संपला. कप्प्यात आता एक आकडा नव्हे, तर एक चिठ्ठी ठेवावी लागते, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं सगळं उतरवून घ्यावं लागतं. मजकूर फुगतो. तो जुन्या जागेत लिहू गेलात तर पुढचा न वाचलेला मजकूर त्याखाली गाडला जातो. म्हणून नवा मजकूर वेगळ्या, मोठ्या जागेत लिहायचा.

हे सगळं निस्तरलं आणि नानांचं मराठी पडद्यावर आलं. आनंद झाला. मग वाचायला लागलो. ‘किवता’. ‘गिणत’. ‘शिनवारी’. एखाद्या वेबसाइटवर असं मराठी तुम्हीही पाहिलं असेल. यात तक्ता चुकलेला नाही. प्रत्येक चिन्हाचं उत्तर बरोबर आहे, चुकला आहे क्रम. आपण कागदावर पाहतो तेव्हा पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते. जुन्या फाँटमध्ये ती दिसते तशी, आधी टाइप करत. पण उच्चारात आधी ‘व’ आणि मग ‘इ’, आणि युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम धरतात. म्हणून ‘कविता’ची वेलांटी आधीच्या ‘क’ला जाऊन चिकटली.

रफाराचं नेमकं उलट. ‘मूर्ती’त र आधी उच्चारतो, पण रफार ‘ती’च्या डोक्यावर, म्हणून फाँटमध्ये तो सगळ्यांत शेवटी. त्याला मागे न्यायचं, तेही ‘त’च्या वेलांटीला ओलांडून. ‘स्थिती’तली पहिली वेलांटी पुढे न्यायची तर नुसत्या ‘स’च्या नव्हे, अख्ख्या जोडाक्षराच्या पुढे. शिवाय काही फाँटमध्ये ‘ग’ हा एक आकार नसतोच. अर्धा ग वेगळा आणि दंड वेगळा, दोन मिळून एक अक्षर. थोडक्यात, इस्की आणि युनिकोड आकडे देतात अक्षराला, फाँट आकडे देतो आकाराला. तक्ता एका वेळी एकच आकडा पाहतो, त्याचे शेजारी त्याला दिसत नाहीत. त्यामुळे तक्त्यानंतर आणखी एक फेरी लागते, वेलांट्या आणि रफार आपापल्या जागी नेऊन बसवण्याची. तीही केली.

आता सगळं स्वच्छ दिसत होतं. मी ते घरच्यांना पाठवलं. दोन दिवसांनी आत्याचा फोन आला. आत्या नानांच्या पाठची. म्हणाली, “अरे, वाचलं सगळं. पण दादाच्या वसतिगृहात हे आचार्य कोण होते रे? दादानं कधी सांगितलं नाही.”

मी पान काढलं. नाना शाळेसाठी वसतिगृहात राहत. सुट्टीहून परतताना एकदा रात्री उशीर झाला. पुढचं वाक्य असं: ‘आचार्यांनी माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती.’

कपाटातून १९९९ची छापील प्रत काढली. तिच्यात होतं, ‘आचाऱ्यांनी माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती.’ स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांनी.

घडलं होतं ते असं. मराठीत र् आणि य एकत्र येताना दोन प्रकारे लिहितात. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार. ‘दऱ्या’मध्ये ती पापणीसारखी आडवी खूण. आपल्याला हा फरक लागतो, कारण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. बिऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड याच खुणेनं लिहिले जातात. हिंदीत ही खूण वापरत नाहीत. माझ्या हाती आलेली यादी हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेली असावी, कारण तिच्यात दोन्ही खुणांपुढे एकच उत्तर लिहिलेलं होतं. ते मी तपासलं नाही. कटपयादीसारखं झालं, दोन वेगळ्या खुणा एका कप्प्यात गेल्या. आणि ही चूक ‘किवता’सारखी डोळ्यांत खुपत नाही. ‘आचार्य’ हा शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध, शब्द तपासणारा प्रोग्रॅमही त्याला हरकत घेणार नाही. फक्त ज्या माणसानं नानांसाठी भाकरी झाकून ठेवली, तो माणूस त्यांच्या आठवणींतून नाहीसा झाला होता.

मी मूळ फाइलला हात लावला नव्हता, म्हणून निभावलं. तक्ता दुरुस्त केला, पुन्हा चालवला, आचारी परत आले. मूळ फाइलवरच नवी लिहिली असती, तर दोन्ही खुणांचा एकच आकडा होऊन बसला असता. मग कोणता र्य मूळचा आणि कोणता बदललेला, हे जगातला कुठलाही प्रोग्रॅम सांगू शकला नसता. सांगितलं असतं ते त्या वीस छापील प्रतींनी, नाहीतर आत्यासारख्या कुणी.

श्रोतेहो, आज अनेक संस्थांकडे, ग्रंथालयांकडे आणि घरांत अशा जुन्या फाँटमधल्या फाइली पडून आहेत. गावांचे इतिहास, स्मरणिका, सभांची इतिवृत्तं. त्यांचं रूपांतर करणारी साधनं आहेत, आणि ते करायलाच हवं. पण त्या साधनाच्या पोटात कुणीतरी भरलेला तक्ता असतो, आणि भरणाऱ्याला जेवढं माहीत होतं तेवढंच तक्त्याला माहीत असतं. मोडी कागदपत्रांचंच पाहा. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पण मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत. तेव्हा मोडीचं देवनागरी करताना ‘दिन’ की ‘दीन’ हे तक्ता सांगणार नाही, ते वाक्य वाचून माणसालाच ठरवावं लागेल.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. मूळ फाइल कधीही पुसू नका. ज्या चिन्हाचं उत्तर तक्त्यात नाही, ते गुपचूप गाळू नका किंवा अंदाजानं भरू नका, तिथे ठळक खूण राहू द्या, म्हणजे वाचणारा थांबेल. आणि रूपांतर झालेला मजकूर, ज्यानं मूळ वाचलं आहे किंवा ज्याला ती माणसं आठवतात, अशा कुणाकडून तरी एकदा वाचून घ्या. अशी माणसं आपल्यात आहेत तोवर हे काम उरकायला हवं.

आत्यानं त्या फोनवर आणखी एक सांगितलं. नाना पुढे नोकरीला लागल्यावर त्या आचाऱ्यांना भेटायला गेले होते, धोतरजोडी घेऊन. नानांच्या लिखाणात ते कुठेही नाही. मी ते आता फाइलच्या शेवटी जोडलं आहे, आत्याच्या नावानं.